बोर्डावरचा ऑब्सिक्विअस

बसच्या खिडकीतून आधी दिसला तो गुलाबी फेटा. मग फेट्याखाली माझे वडील दिसले आणि मी चालत्या बसमध्ये उभीच राहिले.

दोन हजार सहा साल असेल. मी मुरगूडला एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. दुसऱ्या दिवशी अण्णा सेवानिवृत्त होणार, म्हणून दोन दिवसांची रजा टाकून कोल्हापूरला आले होते. स्टँडवरून कसबा बावड्याची सिटी बस धरली. वाटेत अण्णांची सरकारी कचेरी लागते, जिथं त्यांनी जवळजवळ तीस वर्षं शिपाई म्हणून काढली. कचेरीसमोरच्या कोपऱ्यावर बस वळली आणि दहा फुटी डिजिटल बोर्डावर अण्णा हात जोडून उभे. फेटा त्यांनी जन्मात बांधला नव्हता. तो कॉम्प्युटरवर चिकटवलेला होता आणि जरा तिरकाच बसला होता. पण मला इतका आनंद झाला की शेजारच्या अनोळखी बाईंना मी सांगून टाकलं, "आमचे वडील हायत ते."

"झ्याक दिसालेत की," त्या म्हणाल्या.

मग मी फोटोखालची ओळ वाचली. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, ऑब्सिक्विअस.

पुढच्या स्टॉपला मी उतरले आणि पिशवी सावरत उलट पळत आले. वाटलं, ऊन डोळ्यांवर आलं असेल, चुकून वाचलं असेल. कुठलं काय, शब्द तिथंच होता, लाल अक्षरात, पिवळी कड लावून. त्या वर्षांत आमच्याकडं बोर्डाशिवाय काही होतच नसे. कुणाचा वाढदिवस, कुणाची शर्यतीत पहिली आलेली बैलजोडी, कुणाची दहावी, सगळं चौकात टांगलं जाई. आणि बोर्ड म्हटला की नावामागं तीन विशेषणं हवीतच, दोन ठेवली तर लोक म्हणणार माणूस कमी पडला. अण्णांचा बोर्ड गल्लीतल्या तरुण मंडळानं लावला होता. पहिली दोन विशेषणं मंडळाची होती. तिसरं माझं होतं.

ते त्या बोर्डावर कसं गेलं, हे सांगायला जरा मागं जायला हवं.

आमचे अण्णा म्हणजे आवाज. ते गल्लीच्या तोंडाशी कुणाला हाक मारायचे आणि आमच्या न्हाणीघरात ऐकू यायचं. पायात करकर वाजणाऱ्या कोल्हापुरी चपला, वाजतील अशा मुद्दाम करवून घेतलेल्या. आई म्हणायची, "तुमच्या आदी तुमचं पाय घरात येत्यात." आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून कुणापुढं मान वाकवायची नाही हा आमच्या घरचा दंडक होता आणि अण्णा तो मनापासून पाळायचे. समोर कारखान्याचा संचालक असो की गावचा पाटील, अण्णा आपले "काय पावणं, काय म्हंतासा" म्हणून छातीवर हात बांधून उभे. मला त्याचा केवढा तोरा होता.

मी दहावीत असताना अण्णा एकदा डबा विसरले. आईनं तो घेऊन मला कचेरीत पाठवलं. लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना बाकडी, बाकड्यांवर खेड्यापाड्यातून आलेली माणसं. तेवढ्यात एक दार उघडलं, साहेब बाहेर पडले आणि त्यांच्या मागून दोन पावलांवर अण्णा. हातात साहेबांची काळी बॅग. पायात चपला नव्हत्या, आवाज न करणारे कॅनव्हासचे बूट होते. मान खाली. साहेब पुढं बघत काहीतरी बोलत होते आणि अण्णा मागून म्हणत होते, "जी साहेब. आणतो साहेब. व्हय साहेब." तो आवाज मी ओळखलाच नाही. आमच्या घरात एवढ्या बारीक आवाजात फक्त मांजर बोलायचं.

त्यांनी मला बघितलं नाही. मी डबा एका टेबलावर ठेवला आणि घरी पळाले. सांगायला लाज वाटते, पण मला साहेबांचा राग आला नाही, अण्णांचा आला. रात्री ते पुन्हा चपला घालून करकर करत घरात आले, तेव्हा तो आवाज मला खोटा वाटला. हे मी कुणाला बोलले नाही. बोलायला शब्दच नव्हता.

तो शब्द चार वर्षांनी सापडला. मी बी. ए. ला होते. आम्हाला शिकवायला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. त्या इतक्या हळू बोलायच्या की आमचा अख्खा कोल्हापुरी वर्ग केवळ ऐकू यावं म्हणून गप्प बसायचा. एके दिवशी धड्यात हा शब्द आला. मॅडमनी तो फळ्यावर लिहिला, प्रमाणाबाहेर नमून वागणारा असा अर्थ सांगितला आणि म्हणाल्या, मराठीत याला काय म्हणाल? मग काय, वर्गाला ऊत आला. लाळघोट्या. हांजी हांजी करणारा. गोंडा घोळणारा. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "पुढंपुढं करणारा, मॅडम."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, गंमत बघा, तुम्ही त्याला पुढं पाठवता आणि लॅटिन भाषेनं त्याला मागं ठेवलाय. मग त्यांनी शब्द मधोमध तोडून दाखवला. त्याच्या पोटात मागोमाग जाणे या अर्थाचं एक जुनं क्रियापद होतं. सेकंड म्हणजे दुसरा, तो तिथलाच, पहिल्याच्या मागून येणारा. सिक्वेल तिथलाच. आणि हा बिचाराही तिथलाच, दुसऱ्याच्या मागं मागं चालणारा.

फळ्यावर मला व्हरांडा दिसत होता. साहेब, दोन पावलं, कॅनव्हासचे बूट. जे मी चार वर्षं कुणाला सांगू शकले नव्हते, त्याला हजारो मैलांवरच्या, कधीच मेलेल्या माणसांनी नाव देऊन ठेवलं होतं, तेही पावलांवरून. मला ओरडावंसं वाटलं की मी बघितलाय, मी हा शब्द चालताना बघितलाय. इंग्रजी हा विषय मी त्या तासाला निवडला असं मी नंतर सगळ्यांना सांगत आले. का निवडला ते मात्र सांगितलं नाही. तास संपता संपता मॅडम आणखी एक वाक्य बोलल्या. हा शब्द पूर्वी वाईट नव्हता, आज्ञा पाळणारा, कर्तव्याला जागणारा एवढाच त्याचा अर्थ होता, वाईटपणा त्याला नंतर चिकटला. ते मी वहीत लिहून घेतलं, पण तेव्हा मला त्याचा काही उपयोग नव्हता.

उपयोग त्याच संध्याकाळी झाला. अण्णांची एक सवय होती. हातपाय धुऊन आले की ते विचारायचे, "आज कुठला?" म्हणजे आज कुठला इंग्रजी शब्द शिकलीस. मी सांगायची आणि ते जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं मराठी अक्षरात लिहून ठेवायचे. सातवी शिकलेल्या माणसाचा तो शब्दकोश होता आणि त्यातले शब्द ते गल्लीत सढळ हातानं वापरायचे.

"आज कुठला?"

"ऑब्सिक्विअस," मी म्हटलं. मुद्दाम म्हटलं. जीभ नुसती सळसळत होती.

त्यांनी शब्द तीनदा म्हणून बघितला, लिहिला, पेन्सिल कानावर ठेवली. "म्हंजे?"

ते माझ्याकडं इतक्या आशेनं बघत होते की माझी सगळी तिरमिरी पायात गेली. मी म्हटलं, "म्हंजे मोठ्यांचा मान राखणारा. सांगितलेलं मनापासनं करणारा." अगदीच खोटं नव्हतं. फक्त काही शतकं शिळं होतं.

"म्हंजे मीच की," अण्णा म्हणाले आणि त्या शब्दाला त्यांनी चौकट काढली.

पुढची आठ-नऊ वर्षं तो शब्द आमच्या घरात नांदला. "आम्ही ऑब्सिक्विअस मानूस हाय, पावणं," असं अण्णा कुणालाही सांगायचे. भाजीवाल्याला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. मला बघायला आलेल्या मंडळींना सांगितलं, तेव्हा त्यांनी गंभीरपणे मान डोलावली, कारण अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. मला होता. खरं सांगायचं तर मला त्यात मजा वाटायची, आतल्या आत एक जुना हिशेब चुकता होत असल्यासारखी. तीच मजा आता दहा फुटी होऊन चौकात टांगली होती. आणि उद्या समारंभाला नवे साहेब असणार होते. तरुण, दिल्लीकडं शिकलेले, इंग्रजीत विचार करणारे. बोर्ड बरोबर त्यांच्या फाटकासमोर होता. उद्या अण्णांच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका सत्काराला लोक त्यांना हसणार होते आणि ते मी घडवलं होतं.

मी तशीच डिजिटलवाल्या चाचांकडं गेले. चाचा आमच्या गल्लीतलेच, अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त. पूर्वी ते ब्रशनं दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आता दोन कॉम्प्युटर घेऊन बसले होते.

"चाचा, बोर्डावरचा तिसरा शब्द काढायचा हाय. आजच."

"का गं? सुंदर तर आलाय. दोन येळा रंग बदलला त्याचा."

"चुकलाय तो."

"चुकंल कसा? तुझ्या बानं सोताच्या हातानं लिहून दिलाय. कॅलेंडरचा कागूद फाडून आणलाता. मंडळाची पोरं म्हणाली, तिसरं काय घालूया, तर म्हणाला, माझ्या लेकीनं दिलेला शबुद घाला." चाचांनी चष्मा वर केला. "काढायचा असला तर त्येला विचार. त्येला न विचारता मी हात लावणार न्हाय."

घरी आले तर अण्णा पायरीवर बसून चपलांना तेल लावत होते. आत आई नव्या साडीला फॉल लावत बसली होती आणि उद्या कोण कोण येणार ते मोठ्यानं मोजत होती. घरात नुसता उत्साह भरला होता. मला पाहून अण्णा म्हणाले, "बोर्ड बगितलास का? तुझा शबुद बगितलास?"

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले आणि सांगून टाकलं. डब्यापासून सगळं. व्हरांडा, बूट, मॅडमचा फळा, लाळघोट्या, हांजी हांजी, मागं मागं चालणारा. बोलताना माझा आवाज इतका बारीक झाला की आईनं आतून विचारलं, "काय कुजबुजालाय गं?"

अण्णा चपलेला तेल लावतच राहिले. मग म्हणाले, "लाज वाटलीती व्हय तुला माझी?"

"व्हय."

"मग तवाच का बोलली न्हाईस?"

मी म्हटलं, "अण्णा, बोर्ड उतरवूया. मी मंडळाच्या पोरांना सांगते, काहीतरी कारण काढते."

"थांब. मुळात मागनं जानं एवढाच अर्थ हाय न्हवं?"

"मुळात तेवढाच."

"मग ऐक." त्यांनी चपला खाली ठेवल्या. "कचेरीत मानसं येत्यात. चिठ्ठी द्या, थांबा, उद्या या, ह्यातच त्यांचा दीस जातोय. साहेब बाहीर पडला की सगळी उठून उभी ऱ्हात्यात, पर फुडं व्हायचं धाडस हुत न्हाई. चालत्या साहेबाच्या हातात कोण कागूद देतंय? मागनं येणाऱ्याच्या हातात देत्यात. मी घ्यायचो आनि बॅगत सगळ्यात वर ठेवायचो. साहेबानं बॅग उघाडली की पयला त्योच. बरूबरीनं चाललो असतो तर साहेबाला दिसलं असतं. लांबनं चाललो असतो तर साहेबानं बॅग माझ्या हातात दिली नसती. दोन पावलं बरूबर."

"आणि मान?" मी विचारलं. "मान खाली का असायची?"

"मानसांचं हात खाली असायचं गं. कुनाच्या हातात कागूद हाय ते बगाय नगो?"

मला पटलं नाही. खोटं का बोलू? मला वाटलं, म्हातारा माझी समजूत घालतोय, आणि स्वतःचीही घालतोय. तीस वर्षांच्या वाकण्याला कुणीही काहीतरी नाव देईल. अण्णा उठले, चपला पायात घातल्या, वाजतात का ते दोन पावलं टाकून बघितलं आणि म्हणाले, "बोर्ड ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी कचेरीचा हॉल गच्च भरला होता. आई नव्या साडीत पहिल्या रांगेत, चाचा इस्त्रीच्या शर्टात, मंडळाची पोरं भिंतीला टेकून. कुणी हार आणत होतं, कुणी माइक ठोकून बघत होतं, आणि मी अशी बसले होते की कुणी टाचणी पाडली तरी उडाले असते. भाषणं झाली. मग साहेब उठले. चांगला माणूस होता, आजही म्हणते. त्यांनी अण्णांचं कौतुक केलं आणि शेवटी हसत म्हणाले, "बाहेरच्या बोर्डावर एक इंग्रजी शब्द वाचला. काका, अर्थ माहीत आहे ना त्याचा?"

इंग्रजी येणारे दोघे-तिघे हसले. त्यांचं बघून न येणारेही हसले.

अण्णा उठून माइकपाशी गेले. माइक त्यांच्या आवाजाला कशाला लागतो, पण त्यांनी तो धरला. "म्हाईत हाय साहेब," ते म्हणाले, आणि तो घरातला आवाज होता, गल्लीच्या तोंडापासून न्हाणीघरापर्यंत जाणारा. तीस वर्षांत कचेरीनं तो ऐकला नव्हता. "कालच कळला. लाळघोट्या असा हाय. माझ्या लेकीनं सांगितला, ती इंग्रजी शिकवती. बोर्ड काढूया म्हणालीती. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे. मुळात त्येचा अर्थ मागनं चालनारा असा हाय, आनि तेवढं मी केलंय. त्येच्या फुडचं काय केलं न्हाई. इश्वास ठेवायचा का न्हाई ते ज्येचं त्येनं ठरवायचं."

कुणी हसलं नाही. साहेबांनी टेबलावरचा हार उगाचच सरळ केला. आई मात्र मान ताठ करून चारी बाजूंना बघत होती. मला रडू आलं आणि त्याच वेळी इतका अभिमान वाटला की मी टाळी वाजवायला सुरुवात केली, एकटीनंच. मग चाचांनी वाजवली. मग सगळ्यांनी.

निवृत्त होणाऱ्याला त्या दिवशी साहेबांच्या गाडीतून घरी सोडायचं, अशी कचेरीची पद्धत होती. साहेब स्वतः बरोबर येणार होते. हॉलमधून बाहेर पडताना ते म्हणाले, "काका, आज तुम्ही पुढं." अण्णांच्या गळ्यात तीन हार, काखेत शाल आणि नारळ. तरी सवयीनं त्यांनी टेबलावरची साहेबांची काळी बॅग उचललीच. मी पुढं झाले आणि ती त्यांच्या हातातून घेतली.

"द्या ती हिकडं."

"अगं, मी घेतो."

"चला तुम्ही."

आणि अण्णा व्हरांड्यात निघाले. करकर, करकर. त्या व्हरांड्यानं त्या चपला पहिल्यांदाच ऐकल्या असतील. पण त्यांना पुढं चालता येईना. चार पावलं टाकायचे, थांबायचे, मागं वळून बघायचे. साहेब त्यांच्या बरोबरीला आले तर ते बाजूला सरून वाट द्यायला लागले. साहेबांनी शेवटी त्यांचा हात धरला. "मला सवय न्हाई हो साहेब," अण्णा म्हणाले आणि दोघंही हसत पुढं निघाले. मी मागून चालत होते. हातात बॅग. किती अंतरावर चालतेय हे मी मोजलं नव्हतं.

बाकड्यांवरची माणसं उठून उभी राहिली होती. साहेब गेले, अण्णा गेले, कुणी हललं नाही. मी एका बाकड्यापाशी पोचले, तर एका म्हाताऱ्या बाईनं माझी बाही धरली. मी कोण, हे तिला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तिनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही, हातातल्या बॅगेकडं बघितलं. कमरेच्या पिशवीतून चार घड्या घातलेला, घामानं मऊ पडलेला कागद काढला आणि माझ्या हातात कोंबला.

"सायबास्नी दे बाई," ती हळूच म्हणाली. "रोज त्यो मामा घेतोय. आज त्यो फुडं गेला."

पुढं चपला थांबल्या होत्या. अण्णा वळून बघत होते. मी बॅगेची चेन उघडली, कागद सगळ्यात वर ठेवला आणि त्यांच्या मागून चालू लागले.